वेल्श ऑफसाइड होता का?

२०१५ च्या रग्बी विश्वचषकातला स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया उपांत्यपूर्व सामना बघून तुम्ही विचारलंत: चेंडू आपणहून अंगावर आला आणि स्कॉटलंडच्या जॉन वेल्शने तो धरला, तर यात ऑफसाइड कसलं? आधी फुटबॉल डोक्यातून काढा. रग्बीत आपल्या ज्या साथीदाराने चेंडू शेवटी खेळला, त्याच्या पुढे असलात की तुम्ही ऑफसाइड. तिथं नुसतं उभं राहिलात तर चालतं. तिथून खेळात ढवळाढवळ केलीत की शिट्टी.

लंडनचं ट्विकनहॅम मैदान, १८ ऑक्टोबर. स्कॉटलंडच्या मार्क बेनेटने विरोधकांचा पास मधेच पळवून ट्राय केला होता, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला होता. स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे, वर पाऊस, दोनेक मिनिटं शिल्लक. लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या रांगांमधे फेकून खेळ पुन्हा सुरू करणं) स्कॉटलंडचाच. लांब फेकलेला चेंडू कुणाला नीट सापडला नाही, जॉन हार्डीला लागून पुढे उडाला आणि थेट वेल्शच्या हातात. नुसत्या नॉक-ऑनला, म्हणजे हाताला लागून चेंडू पुढे गेला तर, विरोधकांना स्क्रमच मिळतो: दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत अडकून रेटारेटी करतात आणि चेंडू मधे सोडतात. पण पुढे असलेल्या साथीदाराने तोच चेंडू खेळून विरोधकांची संधी घालवली तर पेनल्टी, म्हणजे गोलखांबांवर किक मारून तीन गुण घ्यायची संधी. पंच क्रेग जूबेरने पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने ती मारली, ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने पुढे.

आता तोच प्रसंग सावकाश बघा. हार्डी आणि वेल्शच्या मधे ऑस्ट्रेलियाच्याच निक फिप्सचा स्पर्श आहे. एलबीडब्ल्यूच्या अपिलात पॅडच्या आधी बॅटची कड निघावी, तसा. विरोधकाने चेंडू मुद्दाम खेळला की ऑफसाइड खेळाडू ऑनसाइड होतो, असं तेव्हाच्या नियम ११.३ (सी) मध्ये होतं. (२०१८ मध्ये नियमपुस्तक नव्याने लिहिलं, आता हे सगळं नियम १० मध्ये सापडेल.) खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड रग्बीने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, की योग्य निर्णय म्हणजे ऑस्ट्रेलियाला स्क्रम.

खरी गोम ‘मुद्दाम’ या शब्दात आहे. चेंडू फिप्सवर नुसता आदळला असता, तर वेल्श ऑफसाइडच राहिला असता. मला तरी फिप्स चेंडूसाठीच झेपावलेला दिसतो. पण मी शाळकरी मुलांच्या सामन्यांत शिट्टी वाजवली आहे. ओल्या मैदानावर, चार जण आडवे असताना, चेंडूची दिशा कळते, कुणाचं बोट लागलं ते नाही. अशा निर्णयासाठी टीएमओकडे (व्हिडिओ बघणाऱ्या पंचाकडे) जायची तेव्हा मुभाही नव्हती. जूबेर सामना संपताच मैदानातून पळत आत गेला, ते मात्र त्याने टाळायला हवं होतं.

‘सामना चोरला’ हेही मला पटत नाही. स्क्रम दिला असता तरी चेंडू ऑस्ट्रेलियाकडेच, किक मारता येईल अशा जागी, आणि घड्याळात वेळ बाकी.

त्यापेक्षा ८ जुलै २०१७ चा ऑकलंडच्या ईडन पार्कचा निर्णय मला जास्त खटकतो. ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंड) आणि लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) १५-१५, शेवटची मिनिटं. लायन्सच्या लायम विल्यम्सला लागून चेंडू पुढे गेला आणि पुढे उभ्या साथीदार केन ओवेन्सने तो धरला. पंच रोमँ प्वाटने पेनल्टी दिली, मग सहकाऱ्यांशी बोलून ती फिरवून स्क्रम दिला: अपघाती ऑफसाइड. चेंडूचा स्पर्श टाळणं शक्यच नव्हतं, तरच ते अपघाती. इथे चेंडू ओवेन्सला नुसता लागला नव्हता, त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता. लगेच सोडला, आणि तापल्या तव्याचा चटका बसावा तसे हात वर केले. आपण कुठे उभे आहोत हे त्याला बरोबर कळलं होतं.