ती खरंच खुश असते का?

प्रश्न: माझी मुलगी १० वर्षांची, दीड वर्षापूर्वी टाइप वन डायबिटीस निघाला. दिवसातून चारदा इन्शुलिन, बोट टोचणं वेगळंच. पण ती मजेत असते हो! रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायचा हट्ट धरला, रंगून आली, शुगर चेक केली आणि झोपली. रडते मी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका "बिचारी" म्हणतात, सासूबाई म्हणतात पोर मनात दाबून ठेवते. ती आमच्यासाठी हसते का?
- एक आई, इंदूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात तुम्ही आहात, सासूबाई आहेत, हळदीकुंकवाच्या बायकासुद्धा आहेत, पण तिचं स्वतःचं एक वाक्य नाहीये. तिला विचारलंत का कधी?

२००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात युरोपातल्या सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला होता, आजार वेगळा आहे मान्य, पण तिथे ५०० मुलांना थेट विचारलं तर त्यांचं समाधान साधारण इतर मुलांएवढंच निघालं. ज्यांना दुखत होतं त्यांचं मात्र कमी. म्हणून मी तर आधी हेच विचारीन की बाळा, टोचताना कुठे जास्त दुखतं? बोटाच्या मधोमध टोचत असाल तर कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. इन्शुलिनची जागाही रोज बदला, एकाच जागी घेतलं की गाठी होतात आणि मग औषधही नीट लागत नाही.

उदास दिवस येतीलच, कोणाला येत नाहीत? पण शुगरचे आकडे खोटे सांगणं, इन्शुलिन चुकवणं, लपून खाणं, मैत्रिणींकडे जाणं बंद होणं असं काही दिसलं तर रागावू नका, डॉक्टरांशी बोला. तुमच्या रडण्याबद्दलही त्यांनाच सांगा, लाजू नका, दीड वर्ष रात्री उठून शुगर बघणारी आई थकतेच.

आणि शाळेने पिकनिकला वगैरे नको म्हटलं तर ऐकून घेऊ नका हं, सीबीएसई तर बोर्डाच्या पेपरलाही टाइप वनच्या मुलांना खाऊ जवळ ठेवू देते. बॅगेत ग्लुकोज, टीचरना माहिती, बस.

"बिचारी" म्हणणाऱ्यांना तिच्यासमोरच थांबवा, चहा थंड झाला तरी चालेल. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला गेलात तर प्लेटला इन्शुलिन किती लागेल ते आधी तिला सांगू द्या, मग तुम्ही तपासा. चुकली तर दोघी हसा.