आधी कार्ड, मग कार्टून

प्रश्न : आत्याने अमेरिकेहून पाठवलेल्या जुन्या शुभेच्छापत्रावर गुलाबी अस्वल आहे, पोटावर इंद्रधनुष्य. कार्टूनवरून काढलंय का?

उत्तर : उलटं आहे हो! ही चिअर बेअर. क्लीव्हलंडच्या अमेरिकन ग्रीटिंग्ज कंपनीच्या 'केअर बेअर्स'पैकी एक. एलेना कुचारिक यांनी ती १९८१मध्ये कार्डांसाठी रंगवली. टीव्हीवरचा पहिला खास कार्यक्रम १९८३चा. याच कंपनीची स्ट्रॉबेरी शॉर्टकेक नावाची चित्रातली छोटी मुलगी तर १९८०लाच पडद्यावर आली, मग १९८५पर्यंत दरवर्षी एकेक भाग. सोबत दुकानात तिच्या सुगंधी बाहुल्या! गोष्ट गोड, पण खरं सांगायचं तर अर्ध्या तासाची जाहिरातच. माझी मुलगी मात्र डोळे न मिटता बघायची. कार्ड जपून ठेवा; कोपरे दुमडू देऊ नका.