यंत्र म्हणतं १५४, सरकार म्हणतं ९८

प्रश्न : मुलाने ऑनलाइन मागवलेलं हवा मोजायचं यंत्र मी स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये ठेवलंय. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत १५४ दिसत होतं, तेव्हा सरकारी ॲप ९८ सांगत होतं. थंडीत पहाटे तर यंत्र दोनशेच्या पुढे जातं. यांना दमा आहे आणि सकाळी सहाला फिरायला जायची सवय. खरं कोणाचं मानायचं? शिवाय समोर इमारतीचं काम चाललंय, धूळ घरभर होते, पण यंत्र ढिम्म हलत नाही. तक्रार करायची तर पुरावा काय देऊ?
– एक वाचक, कल्याण (प.)

उत्तर : ताई, त्या लाल आकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो बघा. १५४ असताना तिथे ६०च्या आसपास काहीतरी असणार, पैज लावतो. घनमीटरभर हवेत अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत, ते तो सांगतो. यंत्राचं मोजमाप तेवढंच. १५४ हा त्यावरून काढलेला निर्देशांक, तोही अमेरिकी तक्त्याने. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच यंत्रांत तोच भरलेला असतो. आपल्या २०१४च्या भारतीय तक्त्यात त्याच ६०चे १०० होतात. झालं की नाही ९८च्या जवळ? भांडण तक्त्यांचं आहे, बिचारं यंत्र त्यात उगाच बदनाम होतं. (६० ही आपली चोवीस तासांची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. त्यामुळे ९८ बघून खूश होऊ नका.) मी माझ्या यंत्राच्या मोठ्या आकड्यावर चक्क चिकटपट्टी लावलीय.

पहाटेचं मात्र वेगळं. माझा जन्म कारखान्यात उपकरणं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून हौसेने उघडून पाहिलं. आत एक इवलासा पंखा, एक लेझर आणि प्रकाश टिपणारा डोळा. कणांवरून प्रकाश किती विखुरला, त्यावरून यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. आता पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की पापड सादळतो ना, तसे हवेतले क्षारांचे कणही दमट हवेत सादळतात, फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि यंत्राला वाटतं, प्रदूषण वाढलं. आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की माझा त्याच्यावर विश्वास नाही. सरकारी केंद्रातलं यंत्र तापवलेल्या नळीतून हवा ओढतं, कण गाळणीच्या फितीवर साठवतं आणि त्यातून बीटा किरण किती अडले ते मोजतं. तिथे पाण्याचं वजन फारसं येत नाही. वर ॲपवरचा आकडा चोवीस तासांची सरासरी असतो, पहाटेचा उंचवटा त्यात विरून जातो. तासातासाचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आठवडाभर कोरड्या दुपारी दोन्ही लिहून काढा, तुमचं यंत्र किती चढं बोलतं ते कळेल.

पण सगळंच सादळण्यावर ढकलू नका. थंडीत पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वर ऊबदार हवेचं झाकण पडतं आणि रात्रीचा धूर खालीच कोंडतो. म्हणजे आकडा फुगलेला असला तरी वेळ बरोबर आहे. अशा स्वस्त यंत्राकडून ‘किती’ विचारू नये, ‘कधी’ विचारावं. माझ्याकडे हिवाळ्यात दुपारी तीन ते पाच हवा सर्वांत स्वच्छ निघते. यजमानांचं फिरणं डिसेंबर-जानेवारीपुरतं तिकडे सरकवा. कुरकुर करतील. त्यांना आठ दिवसांची वही दाखवा, आणि एकदा डॉक्टरांनाही विचारा.

धुळीचं तुमचं निरीक्षण अगदी खरं. आमच्या गल्लीत जुना वाडा पाडला तेव्हा तुळशीच्या पानावर बोटाने नाव लिहिता येत होतं आणि यंत्र शांत! जाड कण त्या पंख्याला नीट ओढताच येत नाहीत. अशा यंत्रावरचा पीएम १० चा (म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. तेव्हा तक्रारीला हे यंत्र पुढे करू नका, समोरचा त्याच्याच आकड्याने तुम्हाला गप्प करेल. बांधकामाभोवतीचे पत्रे किती उंच आहेत, हिरवं कापड आहे का, राडारोडा उघड्या ट्रकमधून जातो का, पाणी मारतात का, याचे तारीख-वेळेसह फोटो काढून महापालिकेला द्या.

राहता राहिली ग्रिल. पहिल्या दिवशी मीही यंत्र तिथेच ठेवलं होतं. हिने लाल मिरच्यांची फोडणी दिली आणि आकडा ३५ वरून थेट ४०० च्या पुढे! मी धावत गॅलरीत जाऊन कुठे कचरा जळतोय का बघत होतो, ही आतून शिंकत हसत होती. तुमचं यंत्र आजच दुसऱ्या खिडकीत हलवा, आणि वही नव्याने सुरू करा.