न्यू जर्सीतल्या पहिल्या लॉनसाठी खताचा स्प्रेडर

स्प्रेडर म्हणजे खत पसरवायची ढकलगाडी. अंगण मोठं आणि मोकळं असेल तर चकतीने खत उडवणारा ब्रॉडकास्ट स्प्रेडर घ्या. अरुंद पट्ट्यांसाठी किंवा फुलांच्या वाफ्यांलगत सरळ खाली सोडणारा ड्रॉप बरा. हवा भरलेली मोठी चाकं मात्र हवीतच. खडबडीत जमिनीवर लहान चाकं उसळतात आणि खत सारखं पडत नाही.

खरी गोम चालण्यात आहे. टाकी भरताना झडप बंद ठेवा. आधी चालू लागा, मग झडप उघडा. थांबण्याआधी ती बंद करा. उभ्या जागी ढीग सांडला की तिथलं गवत जळणारच. पिशवीवरच्या मात्रेसाठी दिलेल्या सेटिंगवर एकदम विसंबू नका. खताचे दोन सारखे भाग करा, एक लॉनवर उभ्या फेऱ्यांत टाका, दुसरा आडव्या. वेग तोच ठेवा. पट्टे राहत नाहीत.

ड्राइव्हवेवर उडालेले दाणे झाडून गवतात ढकला, कारण पावसाने ते थेट ओढ्यात जातात. इथल्या कायद्यानुसार घरमालकांनी 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायचं नाही.

काम झाल्यावर स्प्रेडर धुऊन पूर्ण वाळवा, खताच्या क्षारांनी लोखंड फार लवकर गंजतं.