रात्र कोणी मोजायची?

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याच्या बाबांनी त्याला फोनमधून माइनक्राफ्ट काढून टाकायला लावलं. दिवसा लाकूड, लोखंड, हिरे गोळा करायचे आणि रात्री येणाऱ्या राक्षसांपासून वाचायचं, असा तो खेळ. तर त्यानं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चौकोन आखून तोच खेळ घरी बनवला. काडेपेटीतल्या काड्या म्हणजे लाकूड, राजमा म्हणजे लोखंड, जुन्या माळेतला मणी म्हणजे हिरा. दोन महिने झाले, रोज नियम बदलतो. रात्र झाली हे कळायला आधी फोनचा गजर लावायचा, त्यावरून बहिणीशी भांडणं. मग डाव मोजायला लागला, आता पत्ते केलेत. आजी सगळं लाकूड साठवून बसते म्हणून चिडला आणि ‘एका वेळी सहाच काड्या’ असा नियम काढला. सोसायटीतली मुलं विकत मागतात. बाबा म्हणतात, जेईईचं वर्ष वाया चाललंय. यात करिअर असतं का? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, यात करिअर असतं. ते तुमच्या मुलाचं आहे का, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण तो वेळ वाया घालवतोय असं मला अजिबात वाटत नाही, आणि का ते नीट सांगतो, म्हणजे त्याच्या बाबांशीही बोलता येईल.

फोनवर खेळताना निम्मं काम फोन करतो आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. माइनक्राफ्टमध्ये एक दिवस-रात्र २० मिनिटांत संपते. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. लाकडी कुदळीनं दगड निघतो, लोखंडाला दगडी कुदळ लागते, हिऱ्याला लोखंडी. हा सगळा हिशोब आत कुठेतरी चालू असतो. खेळ कागदावर आणायचा म्हटलं की हे प्रत्येक काम कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. काय ठेवायचं, काय सोडायचं, आणि मोजायचं कोणी? तुमचा मुलगा दोन महिने याच प्रश्नाशी झगडतोय. गजर, मग डाव, मग पत्ते : एकाच अडचणीला त्यानं तीन उत्तरं शोधली आणि दोन स्वतःहून टाकून दिली.

त्याला एक गोष्ट दाखवा. २०१९ मध्ये रावेन्सबर्गर या जर्मन कंपनीनं माइनक्राफ्टचा अधिकृत बोर्ड गेम काढला. त्यात ६४ लाकडी ठोकळ्यांचा एक मोठा घन मधोमध असतो, खेळणारे त्यातून ठोकळे उचलत जातात आणि एक थर संपला की गुण मोजतात. वेगळं घड्याळ लागतच नाही, घनच घड्याळ होतो. हे वाचून तो गप्प बसेल आणि मग वही उघडेल, अशी मला आशा आहे.

त्याच्या खेळात फासे असतील, तर त्याला एक विचारा. हिरा कशावर मिळतो? दोन फाशांवर १२ ठेवला असेल, तर ती शक्यता ३६ पैकी एक. ७ असेल तर ३६ पैकी सहा. अकरावीच्या पुस्तकातलं प्रोबॅबिलिटीचं प्रकरण त्यानं या पटावर सोडवलं, तर जेईईचाही अभ्यास होईल. हे मी बाबांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. या कामात गणित खरोखरच रोज लागतं.

आता आजी. त्यांना कुणी अडवू नका. ज्या गोष्टीवर तो चिडला, तीच त्याच्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे. या क्षेत्रात याला प्लेटेस्टिंग म्हणतात : नियम माहीत नसलेल्या माणसापुढे खेळ ठेवायचा, आपण तोंड बंद ठेवायचं आणि तो कुठे अडतो ते लिहून घ्यायचं. आजी लाकूड का साठवतात, हे त्यानं त्यांना विचारलं का? मला तर वाटतं, रात्रीची सोय म्हणून.

विक्रीबाबत मात्र स्पष्ट सांगतो : या रूपात विकू देऊ नका, पन्नास रुपयालाही नाही. खेळाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण नाव, चित्रं, पात्रं दुसऱ्याची आहेत. घरी खेळणं वेगळं, विकणं वेगळं. विकायचंच असेल तर नियम ठेवून गोष्ट स्वतःची करावी. आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? निफाडकडे थंडीत पारा उतरला की द्राक्षबागांमधून रात्री शेकोट्या पेटवतात. रात्र होणार, थंडी पडणार, घड वाचवायचे, लाकूड पुरवायचं. तिथे आजींचं साठवणं चूक राहत नाही, तोच डाव ठरतो. रात्री बिबट्याही येऊ शकतो. सिन्नर-निफाडच्या मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

वाट अशी आहे. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा आणि अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा. दोन्ही कोणत्याही शाखेतून देता येतात, त्यामुळे सायन्स सोडायचा प्रश्नच नाही. चित्र काढण्याचा सराव मात्र लागेल. दुसरी वाट म्हणजे आधी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी; एनआयडीच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याच्या बाबांची धास्ती ऐकता मी दुसरी वाट आधी सुचवेन. पुण्या-मुंबईत मोठ्या गेम कंपन्यांचे स्टुडिओ आहेत, पण २०२३ आणि २०२४ मध्ये या क्षेत्रात जगभर मोठी नोकरकपात झाली. हे त्यालाही सांगा, लपवू नका. इंजिनिअरिंगचा पाया असला तर अशा दिवसांत दुसरीकडे वळता येतं.

तोवर आठवड्यातून दोन संध्याकाळी पटाला द्या, बाकी अभ्यासाला. त्यानं निदान दहा अनोळखी लोकांकडून खेळ खेळवून घ्यावा. घरचे लोक कौतुकापोटी खोटं बोलतात. दहाव्या माणसानं नाक मुरडल्यावरही तो पुन्हा पट आखायला बसला, तर आपण पुढचं बोलू.

मला भेटायला याल तेव्हा नवा, सुबक रंगवलेला पट आणू नका. वही आणा, खाडाखोडीसकट. गजराची रात्र होती ते पहिले कागद रद्दीत गेले असतील, तर रद्दीवाला येण्याआधी तेवढे शोधून ठेवा.