डी अँड डीमध्ये तुमचा आवडता क्लास कोणता? दादरला दर रविवारी बसणाऱ्या आमच्या नव्या ग्रुपने काय निवडावं?

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्टीतलं पात्र खेळायचा खेळ, आणि क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा. माझा आवडता क्लास क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा पुजारी), त्यातही लाइफ डोमेनचा (डोमेन म्हणजे त्याची शाखा). तुम्ही लिहिलंय की पाच खेळाडू आणि एक डीएम (खेळ चालवणारा) आहात, सगळे नवखे, कोणी डोंबिवलीहून येणार, कोणी वाशीहून. अशा टेबलावर निदान एकाने तरी क्लेरिक घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे. 'कोणीतरी मलमपट्टी करायला हवं' हे त्याचं कारण नाही. त्या एका समजुतीमुळेच लोक हा क्लास नाइलाजाने घेतात आणि चुकीचा खेळतात.

खाली सगळं २०१४च्या नियमांप्रमाणे आहे. त्यांचे बेसिक रूल्स फुकट मिळतात आणि त्यात चारच क्लास आहेत: क्लेरिक, फायटर (योद्धा), रोग (चोरटा) आणि विझर्ड (जादूगार). सुरुवातीला तेवढे पुरतात. २०२४च्या पुस्तकात हीलिंग वर्ड आणि क्युअर वून्ड्स या बरं करणाऱ्या स्पेलचे (मंत्रांचे) फासे दुप्पट झालेत आणि डोमेन तिसऱ्या लेव्हलला निवडायचं असतं. म्हणून सगळ्यांनी एकच आवृत्ती धरा. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे असं झालं की दर दहा मिनिटांनी वाद होतो.

क्लेरिकची खरी ताकद स्पेल बदलण्यात आहे. प्लेअर्स हँडबुक या मोठ्या पुस्तकातल्या सॉर्सररला पहिल्या लेव्हलला दोनच स्पेल येतात आणि पुढे लेव्हल वाढेल तेव्हा त्यातलं एक बदलता येतं. विझर्डला वहीत लिहिलेल्या सहांतूनच निवडावं लागतं. क्लेरिकला मात्र आपल्या लेव्हलची अख्खी यादी खुली असते. प्रत्येक लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) विझडम मॉडिफायर (विझडमच्या आकड्यावरून मिळणारी भर) अधिक लेव्हल इतकी स्पेल तो नव्याने तयार करतो. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असला की पाचातले तीनच पोचणार, हे तुमच्या बाबतीत वारंवार होईल. फायटर आला नाही तर शील्ड ऑफ फेथ घ्यायचं: पुढे उभं राहणाऱ्याचा एसी (त्याला मारायला शत्रूने गाठायचा आकडा) २ने वाढतो. विझर्ड नसेल तर डिटेक्ट मॅजिक घ्यायचं. ते रिच्युअल म्हणून केलं तर दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्च होत नाही. जो येईल त्याच्याबरोबर जुळवून घेणारा दुसरा इतका लवचीक क्लास या चौघांत नाही.

पात्र बनवताना हिल ड्वॉर्फ वंशाचं घ्या. ठरावीक आकड्यांतले १५ विझडमला, १४ कॉन्स्टिट्यूशनला, १३ स्ट्रेंग्थला, १२ करिष्म्याला, १० डेक्स्टेरिटीला आणि ८ इंटेलिजन्सला द्या. ड्वॉर्फची भर पडून विझडम आणि कॉन्स्टिट्यूशन दोन्ही १६ होतात. लाइफ डोमेनमुळे जड चिलखत चालतं, म्हणून चेन मेल (१६) आणि ढाल (२) मिळून एसी १८. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) १२. गॉब्लिनचा हल्ला +४ असतो, म्हणजे तुम्हाला लागायला त्याला २० बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त पडायला हवेत, शंभरात ३५ वेळा. एसी १२ असलेल्या विझर्डला तोच गॉब्लिन ६५ वेळा मारतो. मग दारात कोणी उभं राहायचं हा प्रश्नच उरत नाही. एक तोटा आहे: चेन मेलमध्ये स्टेल्थला (लपून जायला) डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) मिळतो. रोग पुढे टेहळणीला गेला असेल तर त्याच्या मागे मागे जाऊ नका.

पहिल्या लेव्हलला चार स्पेल तयार करता येतात. ब्लेस आणि क्युअर वून्ड्स डोमेनची म्हणून कायम तयारच असतात, त्यांना त्या चारांत लिहू नका. नवखे हमखास लिहितात आणि दोन जागा वाया घालवतात. स्लॉट मात्र दोनच असतात, म्हणून ते कुठे जातात त्यावर सगळं ठरतं.

पहिला स्लॉट ब्लेसला. तीन जणांना प्रत्येक हल्ल्यावर आणि सेव्हवर (धोका टाळायच्या फाशावर) डी४ची, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची भर, सरासरी अडीच. म्हणजे साधारण दर आठ हल्ल्यांतला एक, जो चुकला असता, तो लागतो. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण मिनिटभर, म्हणजे दहा राउंड, तिघांना मिळतं. मात्र त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं: असं एकच स्पेल एका वेळी चालू ठेवता येतं. तुम्हाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायचा: १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यात जो आकडा मोठा तो गाठायचा, नाहीतर ब्लेस संपतं. गायडन्स या कॅन्ट्रिपलाही (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेललाही) कॉन्सन्ट्रेशन लागतं हे लोक विसरतात. लढाई चालू असताना कुणाला तरी दार उघडायला मदत म्हणून ते टाकतात आणि ब्लेस तिथल्या तिथे संपतं.

दुसरा स्लॉट हीलिंग वर्डसाठी राखून ठेवा. इथेच बहुतेक जण चुकतात. मित्राचे हिट पॉइंट निम्मे झाले की लगेच क्युअर वून्ड्स टाकतात. तुमचं क्युअर वून्ड्स सरासरी साडेदहा देतं, ओगरचा एक घाव सरासरी १३ घेतो. शत्रूच्या वेगाने भरून काढणं शक्यच नाही. आणि कॅरेक्टर १ हिट पॉइंटवरही पूर्ण ताकदीने लढतं, शून्यावर मात्र काहीच करत नाही. म्हणून पडल्यावर उठवा. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून चालतं आणि टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतं, हात मोकळा लागत नाही. त्याच टर्नला अ‍ॅक्शनमध्ये दुसरं मोठं स्पेल मात्र टाकता येत नाही, फक्त कॅन्ट्रिप. सेक्रेड फ्लेम टाका किंवा गदा चालवा.

उठवायची वेळही बघा. पडलेल्याचा नंबर शत्रूच्या आधी येत असेल तर लगेच उठवा, त्याला पूर्ण टर्न मिळेल. मध्ये ओगरची पाळी असेल तर तो उठलेल्याला पुन्हा झोपवेल आणि स्लॉट फुकट जाईल. अशा वेळी एक राउंड थांबणं बरं, पण डेथ सेव्हवर (शून्यावर पडलेल्याने आपल्या पाळीला टाकायच्या जगण्याच्या फाशावर) लक्ष ठेवून: तीन अपयश म्हणजे मृत्यू, १ पडला तर एकदम दोन धरली जातात, आणि पडलेल्याला जवळून घाव बसला तरी दोन. दोन अपयशं झाली असतील तर थांबू नका. स्लॉट संपले असतील तर जवळ जाऊन स्पेअर द डाइंग या कॅन्ट्रिपने त्याचं मरण थांबवा.

आता डीएमसाठी. तीन-चार तासांत, शेवटची गाडी गाठायच्या आत, नवख्या टेबलावर एखादीच मोठी लढाई होते. सेशन संपलं की लाँग रेस्ट दिला तर दर रविवारी स्पेलवाले भरलेल्या स्लॉटनी येतात आणि फायटर, रोग फिके पडतात. २०१४चे नियम एका दिवसात सहा ते आठ लढाया आणि मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) धरून बांधलेत. तितक्या कराच असं नाही, पण खेळातला एक दिवस दोन रविवार चालू द्या. उरलेले स्लॉट शीटवर (पात्राच्या कागदावर) पेन्सिलने लिहून शीट डीएमकडेच ठेवा. मधल्या रविवारी क्लेरिकला यादी बदलता येणार नाही, तरी ब्लेस आणि हीलिंग वर्ड कोणीही आलं तरी उपयोगी पडतात.

बाकीच्यांत मला रोग सगळ्यात आवडतो, पण त्याचा स्नीक अटॅक (जादा नुकसान करणारा वार) लागायला अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) हवा, नाहीतर शत्रूच्या पाच फुटांत आपला कोणीतरी हवा. फायटर ब्लॉकमध्ये अडकला तर ती जागा क्लेरिकने घ्यायची. फायटर अगदी नवख्याला द्या, पहिल्या लेव्हलला त्याला सेकंड विंड सोडून फारसं काही लक्षात ठेवावं लागत नाही. विझर्ड ज्याला घरी बसून स्पेल वाचायची हौस आहे त्यालाच. पाचव्याला दुसरा फायटर चालेल. पुढे मोठं पुस्तक घेतलंत आणि त्याने वॉरलॉक मागितला, तर आधी डीएमला विचारा की शॉर्ट रेस्ट मिळणार का. दुसऱ्या लेव्हलला वॉरलॉककडे दोनच स्लॉट असतात. ते शॉर्ट रेस्टला परत मिळतात, आणि तो तासाभराचा रेस्ट कधी मिळालाच नाही तर दोन स्पेल टाकून झाल्यावर तो उरलेला वेळ एल्ड्रिच ब्लास्ट हे कॅन्ट्रिपच मारत बसतो.