घरी सर्व्हर चालवायचा आहे, पुण्यात कोणतं फायबर कनेक्शन घ्यावं?

नुसत्या स्पीडवर जाऊ नका, ३०० एमबीपीएस आता बहुतेक सगळेच देतात. सर्व्हर बाहेरून उघडायचा तर खरी मेख सीजीनॅटची, म्हणजे कंपनी इंटरनेटवरचा एकच पत्ता (पब्लिक आयपी) अनेक ग्राहकांत वाटून देते त्याची. बिल्डिंगमध्ये कुणाकडे त्याच कंपनीचं कनेक्शन असेल, तर त्यांच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं राउटरने सर्व्हरकडे वळवणं) गेलं बाराच्या भावात. मग जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) घ्या, नाहीतर आयपीव्ही६वर (पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर) भागवा. जिओ आयपीव्ही६ देतं, पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं अडवते.

स्वतःचा राउटर लावणार असाल तर ओएनटी (कंपनीचा फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे राउटरचं काम तुमच्या राउटरवर सोडून, देणार का, हे थेट लाइनमनला विचारा. कॉल सेंटरवाले ‘हो’च म्हणतात!

बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यात अपलोडही मोजतात का बघा.

लोकल केबलवाल्याला उगाच हिणवू नका. पब्लिक आयपी, ब्रिज मोड असलं काही तोच पटकन करून देतो. फक्त वर्षाचे पैसे आधी भरू नका, एक महिना घ्या आणि रात्री नऊ-दहाला पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) तपासा.